बंद चिरेखाणीतले पाणी: मासे सोडण्याआधी काय पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळी पठारावर, आपल्या सामाईक जमिनीत एक चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे काढलेली खाण आहे आणि ठेकेदाराने ती आठ वर्षांपूर्वी सोडून दिली. जागा साधारण पंधरा गुंठे, एका बाजूला पुरुषभर खोल तर दुसऱ्या बाजूला वीस फुटांच्या आसपास. पावसाळ्यात ती भरते आणि अलीकडे खोल कोपऱ्यात मे अखेरपर्यंत पाणी राहते. बेडूक आणि चतुर भरपूर आहेत, हिवाळ्यात पाणडुबीची जोडी दिसते. चुलतभावांना भराव घालून काजू लावायचे आहेत, आपल्याला रोहू-कटल्याचे बीज सोडून कडेने कमळे लावावीत असे वाटते. शिवाय, या पाण्यात मुळात काही राखण्यासारखे आहे का, की हा नुसता खड्डा आहे, असेही आपण विचारले आहे.

कोकणातल्या तळ्यांमधले, डबक्यांमधले आणि खाणींमधले गोड्या पाण्याचे जीव पाहणे व त्यांच्या नोंदी ठेवणे हे माझे नेहमीचे काम आहे, आणि या स्वरूपाची विचारणा माझ्याकडे वारंवार येते. बहुतेक वेळा ती माशांपासून सुरू होते. माझ्या मते मासे कोणते सोडावेत हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: तिथून काय काढले होते, पाणी वर्षातून किती महिने राहते, आणि पाण्याची कड कशी आहे. आपला खड्डा पाणथळ जागा म्हणून किती मोलाचा आहे हे या तिन्हींवरून ठरते, आणि पाण्याच्या एकूण साठ्यावरून ते जवळजवळ ठरतच नाही.

काय काढले होते हे पहिल्यांदा पाहायचे, कारण खाणीचे पाणी ही एक जात नाही. मेघालयात जयंतिया टेकड्यांमधल्या कोळशात गंधक भरपूर आहे. त्यातल्या पायराइट या खनिजाचा हवा-पाण्याशी संबंध आला की सल्फ्युरिक आम्ल तयार होते, आणि त्या भागातली लुखा नदी हिवाळ्यात निळी पडू लागली व तिच्यातले मासे मेले, ते मुख्यतः खाणींतून येणाऱ्या अशा पाण्यामुळे, असे मानले जाते. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या ब्यूट गावची बर्कली पिट ही तांब्याची खाण १९८२ साली बंद पडून पाण्याने भरू लागली. १९९५ साली वाटेत विसावलेल्या हिमहंसांपैकी ३४२ त्या आम्लयुक्त, धातुमिश्रित पाण्यात मेलेले सापडले. उलट इंग्लंडच्या नॉर्फोक भागातली ब्रॉड्स नावाची तळी म्हणजे मध्ययुगात जळणासाठी पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, खणून काढलेले खड्डे आहेत, हे विसाव्या शतकाच्या मध्यात सिद्ध झाले, आणि आज तो त्या देशातला एक नामांकित पाणथळ प्रदेश आहे. गोव्यात लोहखनिजाच्या खाणी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली बंद झाल्यावर तिथले खड्डे भरले. त्यातले काही समुद्रसपाटीच्याही खाली गेलेले असून त्यांचा खरा त्रास आम्लाचा नाही, तर खोलीचा आणि लाल गाळाचा आहे. आपण वणी किंवा चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातून लिहिले असते, तर पाणी प्रयोगशाळेत तपासून येईपर्यंत मी पुढे एक अक्षर लिहिले नसते.

जांभ्याच्या बाबतीत आपण सुदैवी आहात. जांभा म्हणजे लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन निघालेला दगड. त्यातले विरघळण्याजोगे बहुतेक सारे निघून गेले आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. त्यामुळे चिरेखाणीत साठणारे पाणी म्हणजे जवळपास पावसाचेच पाणी असते: क्षार कमी, कॅल्शियम फार कमी, सामू (पीएच) सहाच्या आसपास. या पाण्यात गोगलगायी थोड्या असतात आणि असतात त्यांचे शंख पातळ, कारण शंख बांधायला लागणारा चुनाच पाण्यात नसतो. दुसरे असे की, जांभ्यातले लोह फॉस्फरस धरून ठेवते. फॉस्फरस मोकळा नसला की हिरवे शेवाळ माजत नाही, आणि म्हणूनच गाळ बसल्यावर, ऑक्टोबरात, जुन्या चिरेखाणीचे पाणी काचेसारखे नितळ दिसते. आपल्या खाणीत पाण्यावर डोकावणारी छोटी पिवळी फुले आणि खाली बारीक फुग्यांनी भरलेली तंतुमय पाने दिसली, तर ती युट्रिक्युलेरिया असण्याची शक्यता आहे. सड्यावरच्या 'सीतेची आसवे' या रानफुलाची ती पाण्यातली बहीण. ती आपल्या फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून गुजराण करते आणि शेणखताने हिरव्या झालेल्या पाण्यात सहसा टिकत नाही. ती असेल तर पाणी अजून निर्मळ आहे असे समजावे.

आपण भिंतीतून झिरपणाऱ्या नारिंगी चिकट थराबद्दल आणि त्यावरच्या तेलकट तवंगाबद्दल लिहिले आहे, आणि ठेकेदाराच्या यंत्राचे डिझेल अजून येत असेल का, अशी शंका घेतली आहे. याची परीक्षा सोपी आहे. काडीने तवंग हलवून पाहा. तो कडक पापडीसारखा तुटून तुकडे वेगळे राहिले, तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा थर आहे आणि त्यापासून काही अपाय नाही. काडी काढताच तो पुन्हा एक होऊन इंद्रधनुषी वळणे घेऊ लागला, तर मात्र ते तेल आहे आणि ते कुठून येते हे शोधावे लागेल. आठ वर्षांनंतर पहिली शक्यता कितीतरी जास्त वाटते.

आता पाणी किती काळ राहते त्याकडे वळू. जांभा सच्छिद्र असतो. ज्या खाणीचा तळ अजून जांभ्यातच आहे तिच्यातले पाणी पाऊस सरल्यावर दिवाळीच्या सुमारास झिरपून जाते. पण चिरे काढत काढत माणसे खालच्या चिकट, पांढुरक्या-गुलाबी मातीपर्यंत, म्हणजे शेडीपर्यंत पोहोचली की तिथे चिरा निघत नाही, काम थांबते, आणि नेमकी तीच माती पाणी धरते. आपल्या खाणीत एका बाजूला मे अखेरपर्यंत पाणी आणि दुसरी बाजू लवकर कोरडी, असे जे दिसते त्याचे कारण बहुधा हेच असावे. अलीकडे पाणी जास्त टिकू लागले याचेही नवल नाही, कारण दर पावसाळ्यात बारीक माती येऊन तळाची छिद्रे बुजत जातात.

आपल्याला बारमाही पाणी चांगले आणि आटणारे पाणी कमी प्रतीचे असे वाटत असावे, आणि जवळजवळ सर्वांनाच तसे वाटते. इथे मी ठामपणे वेगळे मत देतो. आपल्या खाणीतली अत्यंत मोलाची बाब म्हणजे तिची उथळ बाजू दरवर्षी पूर्ण आटते. आटणाऱ्या पाण्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नसलेले पाणी हेच बेडकांच्या पिलांचे, चतुरांच्या अळ्यांचे आणि पाणकिड्यांचे घर असते. कोकणात नद्या, ओढे, तळी यांत मासे सर्वत्र आहेत. पहिल्या पावसात चढणीचे मासे शेतांपर्यंत येतात. पण सड्यावर, ओढ्याशी न जोडलेल्या खाणीत ते पोहोचू शकत नाहीत. असे बिनमाशांचे, तरीही चार-सहा महिने टिकणारे पाणी नैसर्गिकरीत्या फार थोड्या ठिकाणी मिळते. आपल्या हाती ते आयते आलेले आहे.

त्याचा वापर कसा होतो हे जूनमध्येच पाहायला हवे. पहिला मोठा पाऊस पडून उथळ बाजूला गुडघाभर पाणी आले की त्या रात्री टॉर्च घेऊन कडेला बसावे. सोनेरी पिवळे झालेले, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे असलेले मोठे बेडूक म्हणजे बैलबेडकांचे नर. हे मारून खाणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि तरीही सड्यांवर दर जूनमध्ये तो घडतो, तेव्हा आपल्या खाणीवर रात्री कोण येते याकडेही लक्ष असू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या पृष्ठभागावर साबुदाण्याच्या एकपदरी सायीसारखा अंड्यांचा पातळ थर दिसला, तर तो अंगठ्याच्या पेराएवढ्या सूक्ष्ममुखी बेडकांचा. भिंतीवर, पाण्याच्या वर हात-दोन हात उंचीवर, पांढरा फेसाचा गोळा चिकटलेला असेल तर ते वृक्षबेडकाचे घरटे असून त्यातली पिले काही दिवसांनी थेट खाली पाण्यात पडतात. वरचा पाऊस थांबून महिनाभर ओढ बसली तर उथळ पाण्यातली पिढीच्या पिढी जाते, आणि त्या वर्षी खोल बाजू कामी येते. म्हणून दोन्ही बाजू हव्यात.

चतुरांचेही तसेच. पावसाबरोबर मोठ्या थव्यांनी येणारा पिवळसर चतुर, पँटाला फ्लॅव्हेसेन्स, आपली अंडी मुद्दाम नव्या साठलेल्या पाण्यात घालतो. त्याच्या अळ्या दीड-दोन महिन्यांत वाढ पूर्ण करून उडून जातात, आणि पावसाळ्यानंतर त्यांचे थवे मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. आपल्या पंधरा गुंठ्यांतून निघालेले काही कीटक हिंदी महासागर ओलांडत असतील, ही गोष्ट मला इतक्या वर्षांनंतरही साधी वाटत नाही.

पाण्यात काय आहे हे ठरवायला महागडी उपकरणे लागत नाहीत. स्वयंपाकघरातली मोठी गाळणी एका काठीला बांधावी, कडेच्या गवतातून ती दोन-तीनदा फिरवावी आणि जे येईल ते पांढऱ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, पेरभर पाण्यात ओतावे. पहिली दोन मिनिटे नुसता पाचोळा दिसतो. मग पाचोळ्यातला एक तुकडा चालू लागतो: शेपटीची लांब श्वासनळी असलेला पाणविंचू. पोटाऐवजी पाठ खाली करून वल्ही मारणारे किडे झटक्यात ट्रेच्या कडेला जातात. करंगळीच्या नखाएवढा चपटा तपकिरी ढेकूण दिसला आणि त्याच्या पाठीवर करड्या दाण्यांची दाट रांगोळी असेल, तर ती अंडी आहेत आणि तो नर आहे. मादी त्याच्या पाठीवर अंडी चिकटवून जाते, आणि ती फुटेपर्यंत तो मधूनमधून पृष्ठभागाशी येऊन त्यांना हवा देत राहतो. याच ट्रेमध्ये चतुराची अळी असेल तर थोडे थांबा. तिचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. एखादे बेडूकपिलू जवळ आले की तो विजेसारखा पुढे फेकला जातो. ऑगस्टमध्ये असे दोन-तीन ट्रे पाहिल्यावर या खड्ड्यात काही आहे का हा प्रश्न आपण स्वतःच मागे घ्याल. पाहून झाल्यावर सारे जिथून घेतले तिथेच परत सोडावे.

या सर्व जिवांना एकाच गोष्टीने एका वर्षात संपवता येते, आणि ती म्हणजे मासे. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यासारख्या मोठ्या उत्तरी नद्यांचे मासे आहेत, कोकणच्या पश्चिमवाहिनी नद्यांचे नव्हेत. ते बेडकांची पिले हेरून खातात असे नव्हे. मृगळ तळ ढवळतो, पाणी गढूळ होते, पाणवनस्पती जातात, आणि त्यांच्या आसऱ्याने राहणारे सारे उघडे पडते. शिवाय कार्पना सामू सात ते साडेआठ लागतो. म्हणजे आपल्याला चुना टाकावा लागेल, मग खाद्यासाठी शेणखत, मग पाणी हिरवे. इतके करून मासे वाढले तरी ते काढणार कसे? चिरेखाणीचा तळ पायऱ्या-पायऱ्यांचा असतो आणि ओढजाळे प्रत्येक पायरीला अडकते. खोल, चारी बाजूंनी आडोसा असलेल्या पाण्यात वारा पोहोचत नाही. एप्रिल-मेमध्ये वरचा थर तापतो आणि तळाशी प्राणवायू उरत नाही. वळवाच्या गार पावसाने वरचे-खालचे पाणी एकदम मिसळले की सकाळी मासे पालथे पडलेले दिसतात. मत्स्यशेती करायचीच असेल तर त्यासाठी सपाट तळाचे, उपसता येणारे वेगळे शेततळे घ्यावे. त्या कामाला माझा मुळीच विरोध नाही.

रोहू-कटल्याहूनही मला भीती आहे ती हळूच येणाऱ्या माशांची. टिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला आणि आज तो कुठे नाही ते विचारावे लागते. आफ्रिकन मांगूर माशावर २००० सालापासून देशात बंदी आहे, तरी बीज विकणारा 'देशी' म्हणून तो गळ्यात मारू शकतो. डास होतील म्हणून गावातला कोणीतरी गप्पी सोडतो, आणि ते सर्वांत जास्त वेळा घडते. गप्पी आणि गॅम्बुशिया हे छोटे मासे डासांच्या अळ्या खातात हे खरेच, पण त्यांना अळी आणि नुकतेच फुटलेले बेडूकपिलू यांत फरक कळत नाही. कोकणातले छोटे पाणी किती अनोखे असू शकते याचे उदाहरण आपल्या जवळच आहे: आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाच्या कुंडात राहणारा शिस्टुरा हिरण्यकेशी हा चिमुकला मासा २०२० साली शास्त्राला नवा म्हणून नोंदवला गेला आणि २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. आपल्या खाणीत असा मासा निघणार नाही. पण छोट्या पाण्यात बाहेरचे काही सोडताना हात आखडता का घ्यावा, ते यावरून समजते.

डासांचा प्रश्न मात्र मी उडवून लावणार नाही. मलेरियाचे ॲनाफिलिस डास ताज्या, स्वच्छ पाण्यात वाढतात आणि नुकतीच भरलेली खाण त्यांना आवडते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, पाणकिडे आणि चतुरांच्या अळ्या जमण्याआधी, अळ्या दिसू शकतात. ज्या खाणीची एखादी बाजू ओली राहते तिथून शिकारी किडे लवकर पसरतात, म्हणून आपल्याकडे हा काळ कमी असावा. तरीही जून-जुलैत दर आठवड्याला गाळणीने पाहा. अळ्या खरोखरच वाढत असतील तर आरोग्य खात्याच्या माणसाला बोलावून बीटीआय या जिवाणूजन्य औषधाबद्दल विचारा. ते डासांच्या अळ्यांवर काम करते आणि बेडूकपिलांना व बहुतेक पाणकिड्यांना धक्का लावत नाही. आणि वाडीतले रिकामे डबे, टायर, टाक्या आधी पाहा. घरात चावणाऱ्या डासांचा उगम बहुतेक वेळा तिथे सापडतो.

कमळांबद्दल थोडक्यात सांगतो. लावू नका. कमळाला खोल गाळ लागतो, तो इथे नाही, आणि कंदांबरोबर रोपवाटिकेतून जलपर्णी, साल्व्हिनिया यांसारखे पाणतण किंवा गोगलगायींची अंडी येण्याचा धोका असतो. पाणवनस्पती पक्ष्यांच्या पायांबरोबर आणि वाऱ्याबरोबर आपोआप येतात. कुमुदिनीची पाने एक दिवस तरंगताना दिसतील. फारच उत्साह असेल तर त्याच सड्यावरच्या जुन्या डबक्यातले मूठभर गवत मुळांसकट आणून कडेला टोचा, मात्र त्या डबक्यात मासे नाहीत हे आधी बघा.

आता तिसरी गोष्ट, कड. आपण पाठवलेल्या वर्णनावरून तीन बाजू यंत्राने कापलेल्या, उभ्या आहेत. पाण्यातल्या जीवसृष्टीचा मोठा भाग वितीभर ते गुडघाभर खोलीच्या उथळ पट्टीत राहतो. उभ्या भिंतीला ही पट्टीच नसते, आणि म्हणून मोठी, खोल, चौकोनी खाण पाण्याने काठोकाठ भरूनही ओस वाटते. शिवाय जे आत पडते ते बाहेर निघू शकत नाही. वृक्षबेडूक बोटांच्या चकत्यांनी भिंत चढतो, पण बैलबेडकाची पिले, मऊ पाठीची कासवे, ससे, वासरे आणि पोहायला उतरलेली मुले यांना ते जमत नाही. चिरेखाणीत बुडून मुले दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. आपल्या खाणीवर एकच काम करायचे झाले तर ते हेच करा: एप्रिल-मेमध्ये, पाणी सर्वांत कमी असताना, खाणीच्या कडेला पडलेले चिऱ्यांचे तुकडे आणि भुकटी एका कोपऱ्यात ढकलून उतार तयार करा. एक फूट उंचीला किमान पाच फूट लांबी असा तो हवा, आणि त्याचा पाय खोल पाण्यापर्यंत जायला हवा, नाहीतर मार्चमध्ये पाणी उताराच्या खाली जाऊन उतार कोरडाच राहतो. एक जेसीबी दिवसभरात एवढे करू शकतो. उतारावर माती पसरू नका, जांभ्याचे ओबडधोबड तुकडेच राहू द्या, त्यांच्या फटींत पिले लपतात. सगळ्या बाजू उतरत्या करण्याचीही गरज नाही. भिंतीच्या तळाकडच्या मऊ थरात खंड्या बीळ करत असेल तर ती बाजू तशीच ठेवा.

उभ्या बाजूंना गडगा, म्हणजे सुट्या दगडांची भिंत घाला, कमरेएवढ्या उंचीची. चिरे तिथेच पडले आहेत. गडग्याच्या तळाशी मधूनमधून वितीएवढी फट ठेवली म्हणजे कासवे आणि बेडूक आत-बाहेर करतील आणि गुरे मात्र थांबतील.

भराव घालण्याच्या बाजूने चुलतभाऊ जे म्हणतात त्याला मी चूक म्हणत नाही. जमीन सामाईक आहे आणि काजूचे पैसे खरे असतात. पण भरावासाठी माती आणायची कुठून? सड्यावर माती जेमतेम वीतभर असते. ती खरवडून आणली तर आजूबाजूचा सडा नासतो. विकत आणायची तर वीस फूट खोल खड्ड्याला लागणाऱ्या मातीचा खर्च काजूच्या बागेत किती वर्षांनी निघेल, याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. अर्धवट भरलेल्या खाणीचे पुढे काय होते हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिले आहे. माती अपुरी पडते, मग बांधकामाचा राडारोडा येतो, त्यामागून गावचा कचरा. जांभा सच्छिद्र असल्याने सड्यावर मुरलेले पाणी खाली पायथ्याशी झऱ्यांना आणि वाडीच्या विहिरींना येते. खाणीत टाकलेला कचरा पुढच्या पावसाळ्यात विहिरीत उतरणार, हे चुलतभावांना आवर्जून सांगा. बेडकांचे महत्त्व त्यांना पटणार नाही कदाचित, पण विहिरीचे नक्की पटेल.

इथे एक खुलासा करणे भाग आहे, कारण माझ्या या उत्तराचा भलताच अर्थ काढला जाण्याचा संभव आहे. जुन्या खाणीत बेडूक राहतात म्हणून नव्या खाणी काढायला हरकत नाही, असा निष्कर्ष यातून निघत नाही. सड्यावरची नैसर्गिक डबकी चार बोटे खोल असतात, काही आठवडेच टिकतात, आणि त्यांचे रहिवासी वेगळे असतात. आंबोली परिसरात मिळणारा, २००९ साली वर्णिलेला झँथोफ्राइन टायग्रिना हा टोड कातळावरच्या अशा उथळ खळग्यांत अंडी घालतो. तो आपल्या वीस फुटी खाणीत राहायला येणार नाही. गेंद, विस्नेरिया यांसारख्या वनस्पतींचेही तेच. सडा फोडून खाण केली की ती डबकी कायमची जातात आणि त्यांच्या जागी आलेले पाणी त्यांची भरपाई करत नाही. आपली खाण आधीच झालेली आहे, म्हणून तिचे चांगले करावे, इतकेच माझे म्हणणे आहे. खाणीच्या भोवती जो सडा अजून शाबूत असेल त्यावर उताराच्या कामाचे यंत्र फिरू देऊ नका. मे महिन्यात तो मोकळा कातळ वाटतो, ऑगस्टमध्ये तिथेच फुले असतात.

आतापर्यंतचे एकत्र सांगायचे तर, पाणी बहुधा निरोगी आहे, आटणारी बाजू आटू द्यावी, मासे आणि कमळे सोडू नयेत, एका कोपऱ्याला उतार करावा, बाकीच्या बाजूंना गडगा घालावा. यात 'बहुधा' हा शब्द मी जाणूनबुजून ठेवला आहे, कारण खाण मी पाहिलेली नाही. पाण्याचा नमुना दोनदा तपासा, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा मेमध्ये. सामू, विद्युतवाहकता, नायट्रेट आणि फॉस्फेट एवढे पुरे. मेमध्ये वाहकता थोडी वाढणारच, कारण पाणी आटून घट्ट होते. पण ऑगस्टमध्येच नायट्रेट जास्त आले तर वरच्या अंगाला कोणाच्या तरी आंब्या-काजूच्या बागेतले खत वाहून येत आहे असे समजा आणि त्या बाजूला छोटा चर काढून ते पाणी वळवा. सामू पाचच्याही खाली आला तर मला कळवा. जांभ्यात तसे सहसा होत नाही, आणि झाले तर कारण शोधावे लागेल. उतार केल्यानंतर किमान दोन पावसाळे काही बदलू नये, कारण पहिल्या वर्षी ढवळलेल्या मातीमुळे पाणी लालच राहते आणि त्यावरून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

कोणतेही काम सुरू करण्याआधी ठेकेदाराच्या नावाने मिळालेल्या परवान्याची प्रत काढून त्यातल्या अटी वाचा. खाण बंद करताना जागा सपाट करणे, कुंपण घालणे किंवा झाडे लावणे अशी अट त्यात असू शकते, आणि ती असेल तर उतार व गडगा ही कामे त्या अटीत कशी बसवता येतील हे जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांशी बोलून लेखी घ्यावे. काजूंसाठी जागा हवीच असेल तर खाणीच्या कडेला निघालेल्या मातीचे जे ढीग पडून आहेत, त्यांच्यावर लावावेत. तिथला सडा आधीच झाकला गेलेला आहे, भुसभुशीत मातीत मुळे उतरतात, आणि झाडे खाणीपासून तीस-चाळीस फूट लांब राहिली तर पाण्यावर सावलीही फार पडत नाही. फक्त त्या झाडांवर मोहराच्या दिवसांत फवारणी करायची असेल तर वारा खाणीकडे वाहत नसेल अशी वेळ निवडावी आणि पंप खाणीच्या पाण्यात धुऊ नये.